फ्लोराबाई ससून : बगदादी यहुदी घराण्यांतील एक कर्ती स्त्री व तिच्या घरचे कागद

१.

पुण्याचें लाल देऊळ व ससून रुग्णालय हीं दोन स्थळें ठाऊक नाहींत असा महाराष्ट्रीय वाचक विरळा. दोहोंचेंहि काम इ. स. १८६७ सालीं पुरें झालें, व दोहोंशीं एकाच घराण्याचें नांव जोडलेलें आहे. घराण्याचे मूळ पुरुष डेव्हिड ससून (१७९२–१८६४) बगदादेहून मुंबईस आले, तेथें त्यांनीं पेढी थाटली, आणि त्यांचा देह पुण्यांत पडला. त्यांचें व त्यांच्या आठ पुत्रांचें वृत्त इंग्रजी ग्रंथांतून पुष्कळ आलें आहे. त्याच घराण्यांत मुंबईस जन्मलेली एक स्त्री पतीच्या निधनानंतर सात वर्षें त्या जगव्यापी पेढीचा मुंबईचा कारभार चालविती झाली, कॉलरा व प्लेग यांच्या साथींत लोकसेवेस पुढें आली, आणि हिब्रू विद्येंत तिनें असा अधिकार मिळविला कीं, मोठमोठे धर्मपंडित तिला मान देत. तिचें नांव मात्र आपल्याकडे क्वचितच ऐकूं येतें. या बाई म्हणजे फ्लोराबाई ससून (१८५९–१९३६) होत.

प्रस्तुत लेखांत दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली, या बाईंचें चरित्र थोडक्यांत देणें. दुसरी, अशा स्त्रीचें चरित्र कोणत्या प्रकारच्या कागदांतून हातीं लागतें व ते वाचतांना संशोधकास कोणत्या अडचणी येतात, याचा उलगडा करणें. हस्तलिखितांचा व जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या वाचकांस दुसरी गोष्ट पहिलीइतकीच उपयोगी वाटेल असा आमचा समज आहे.

आरंभीं एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. महाराष्ट्रांतील यहुदी म्हटले कीं आपल्या डोळ्यांपुढें कोंकणांतील बेने इस्रायल लोक येतात. ते शेंकडों वर्षांपासून येथलेच झालेले व मराठी हीच त्यांची मातृभाषा. ससून घराणें त्यांपैकीं नव्हे. तें बगदादी यहुद्यांपैकीं होय. हे लोक एकोणिसाव्या शतकांत व्यापाराच्या निमित्तानें मुंबईस व कलकत्त्यास आले. त्यांची घरची बोली अरबी, धर्मभाषा हिब्रू, आणि पुढें व्यवहाराची भाषा इंग्रजी झाली. दोन्ही समाजांचा धर्म एक असला तरी रीतिभाती व कागदपत्र निराळे आहेत.

२.

फ्लोराबाईंचें जन्मनांव फरहा. हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ आनंद असा आहे. वडील एझेकिएल गब्बाय हे बगदादी व्यापारी, व आई अझीझा ही डेव्हिड ससून यांचे ज्येष्ठ पुत्र अब्दुल्ला ऊर्फ आल्बर्ट यांची कन्या. इ. स. १८७६ सालीं फरहा यांचा विवाह डेव्हिड यांचे दुसऱ्या पत्नीपासून झालेले पुत्र सुलेमान ऊर्फ सॉलोमन (जन्म १८४१) यांच्याशीं झाला. म्हणजे वधू ही वराच्या सावत्र भावाची नात होती, आणि मूळ पुरुष डेव्हिड हे नात्यानें फरहाबाईंचे पणजेहि झाले व सासरेहि झाले. वंशावळी लावणारास हें नातें प्रथम चमत्कारिक वाटतें; परंतु परक्या शहरांत आपला समाज लहान, धर्मबंधनें कडक व पेढीचें भांडवल घरांतच राखावयाचें, अशा स्थितींत हे आप्तविवाह सहज होत असत.

लहानपणीं बगदादच्या पंडितांकडून त्यांनीं हिब्रू धर्मग्रंथांचें अध्ययन केलें. हिब्रू, अरामी, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी, फ्रेंच व जर्मन इतक्या भाषा त्यांना अवगत होत्या. विवाहानंतर त्यांना एक पुत्र व दोन कन्या झाल्या. त्यांपैकीं पुत्र डेव्हिड याच्याविषयीं पुढें विस्तारानें येईल.

इ. स. १८९४ च्या मार्चांत सॉलोमन वारले. मुंबईची पेढी तेच पाहात असत. त्यांच्या जागीं कोणास बसवावें हा प्रश्न उभा राहिला तेव्हां फ्लोराबाईंनीं स्वतः कारभार हातीं घेतला. कापूस, सूत, अफू अशा जिनसांचा व्यापार असलेली, हिंदुस्थान, चीन व इंग्लंड येथें शाखा असलेली ही पेढी होती. चीनशीं चाललेल्या अफूच्या व्यापारांत या घराण्यानें मोठी संपत्ति मिळविली, ही गोष्ट त्यांच्या दानधर्माचें वर्णन करतांना झांकून ठेवणें इतिहासास धरून होणार नाहीं. ज्या धनांतून रुग्णालयें व देवळें उभीं राहिलीं त्याच धनाची दुसरी बाजू ती होती.

पेढीचीं धुरा वाहात असतांनाच मुंबईवर संकट आलें. इ. स. १८९६ सालीं प्लेगानें शहरांत प्रवेश केला. डॉ. वाल्डेमार हाफकिन हे मूळचे ओडेसाचे यहुदी शास्त्रज्ञ इ. स. १८९३ पासून हिंदुस्थानांत कॉलऱ्याची लस टोचीत होते. त्यांना सरकारनें मुंबईस पाठविलें, आणि तेथें त्यांनीं प्लेगाची लस तयार करून ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोकांच्या मनांत या टोचणीविषयीं मोठी धास्ती होती. सरकारी बंदोबस्ताच्या जाचामुळें लोक आधींच चिडलेले. पुण्यांत त्याचा शेवट ता. २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबाच्या वधाच्या प्रसंगांत झाला, हें वाचकांस विदित आहे. अशा वेळीं सरकारी हुकमापेक्षां प्रतिष्ठित माणसाच्या उदाहरणाचा उपयोग अधिक. फ्लोराबाईंनीं हाफकिन यांस द्रव्याची व वजनाची मदत केली, आणि लोकांची भीति जावी म्हणून टोचणी स्वतः घेऊन दाखविली. त्या काळच्या श्रीमंत घरांतील विधवा स्त्रीनें असें उघड पुढें येणें ही लहान गोष्ट नव्हे. हाफकिन यांची प्रयोगशाळा इ. स. १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली, व इ. स. १९२५ पासून ती हाफकिन यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली.

इ. स. १९०१ सालीं पेढीचें रूपांतर खासगी मर्यादित कंपनींत झालें, आणि त्याच सालीं फ्लोराबाई मुलांसह लंडनास राहावयास गेल्या. हा योगायोग नव्हता. घराण्यांतील पुरुष आप्तांना एका स्त्रीच्या हातीं असलेला अधिकार रुचत नव्हता व त्यांनीं तिला हळूहळू बाजूस सारिलें, असें योसेफ ससून यांनीं इ. स. २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या घराण्याच्या इतिहासांत पेढीच्या पत्रांच्या आधारें मांडलें आहे. हीं पत्रें जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत. तीं वाचलीं जाईपर्यंत सर्वसाधारण समजूत अशी कीं, बाईंनीं मुलांच्या सोयीसाठीं मुंबई सोडली. दप्तर उलगडलें म्हणजे घराण्यांतून चालत आलेली कथा कशी पालटते याचें हें चांगलें उदाहरण आहे.

लंडनांत ब्रूटन स्ट्रीट येथील त्यांचें घर विद्वानांचें व गरजूंचें आश्रयस्थान झालें. शब्बाथ व आहारशुद्धि यांचे नियम त्या घरांत काटेकोर पाळले जात; प्रवासांतहि ते मोडूं नयेत म्हणून प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष व विधिपूर्वक पशुवध करणारा माणूस बरोबर नेण्याची त्यांची रीत होती असें सांगतात. इ. स. १९२४ सालीं लंडनच्या ज्यूज कॉलेजच्या वार्षिक समारंभाचें अध्यक्षस्थान त्यांना देण्यांत आलें. धर्मगुरु तयार करणाऱ्या त्या संस्थेंत हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. अकराव्या शतकांतील प्रख्यात भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांच्यावर त्यांनीं लिहिलेला निबंध इ. स. १९३० सालीं छापून निघाला. इ. स. १९३६ च्या जानेवारींत लंडन येथें त्यांचें निधन झालें.

थोरली कन्या रेचल ही कलकत्त्याच्या एझ्रा घराण्यांत दिली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कलकत्त्यास आलेल्या निराश्रितांची तिनें पुष्कळ सेवा केली. आईचें वळण मुलींत उतरलें होतें हें यावरून दिसेल.

३.

आतां दुसऱ्या गोष्टीकडे वळूं. अशा घराण्याचे कागद वाचतांना पहिली अडचण नांवांची. अब्दुल्लाचा आल्बर्ट झाला, सुलेमानचा सॉलोमन, फरहाची फ्लोरा. बगदादी पत्रांत एक नांव, इंग्रजी दस्तांत दुसरें, धर्मविधीच्या लेखांत बापाचें नांव जोडून तिसरें. ज्याला हें ठाऊक नाहीं तो एकाच माणसाचीं दोन माणसें करील. स्त्रियांच्या बाबतींत तर सासर-माहेर एकाच घराण्यांत असल्यामुळें घोटाळा अधिक. आपल्याकडे माहेरचें नांव, सासरचें नांव व कागदावरील अमक्याचें कुटुंब असा निर्देश यांची संगति लावतांना जे कष्ट पडतात त्याच जातीचे हे कष्ट आहेत.

दुसरी अडचण कालगणनेची. यहुदी लोक सृष्ट्युत्पत्तीपासून वर्षें मोजतात. त्यांचा मास चांद्र व वर्ष सौर यांचा मेळ बसविण्यासाठीं एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरले जातात. ही रीत आपल्या पंचांगाच्या जवळची असल्यानें महाराष्ट्रीय संशोधकास ती परकी वाटण्याचें कारण नाहीं. वर्षारंभ तिश्री मासीं, म्हणजे सप्टेंबर-आक्टोबरांत, होतो. म्हणून यहुदी वर्षांतून ३७६० वजा केले म्हणजे जानेवारीपासून वर्षअखेरपर्यंतचा इसवी सन मिळतो, व वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांस ३७६१ वजा करावे लागतात. सॉलोमन यांच्या मृत्यूचें वर्ष ५६५४, तें उणें ३७६० म्हणजे १८९४. फ्लोराबाईंच्या मृत्यूचें वर्ष ५६९६, म्हणजे १९३६. लेखांत हजारांचा आंकडा बहुधा गाळतात, व उरलेली संख्या अक्षरांनीं दाखवितात. ताव म्हणजे ४००, रेश २००, नून ५०, दालेत ४. या चार अक्षरांची बेरीज ६५४. आपल्या शिलालेखांतील शब्दांकांची ज्यांस संवय आहे त्यांना ही युक्ति लवकर वश होते. मात्र दिवस सूर्यास्तापासून धरला जातो, म्हणून रात्रीं घडलेल्या गोष्टीची तारीख इंग्रजी कागदांत एका दिवसानें मागें पडते, हें विसरूं नये.

तिसरी अडचण लिपीची. धर्मग्रंथ चौकोनी, ठसठशीत अक्षरांत लिहिले जातात. खासगी पत्रें व पेढीचे व्यवहार जलद, वळणदार अक्षरांत. बाळबोध व मोडी यांत जें अंतर तेंच येथें समजावें. त्यांतून लिपि हिब्रू आणि भाषा बगदादची अरबी. नुसतें हिब्रू जाणणारा अर्थ लावूं शकत नाहीं, आणि नुसतें अरबी जाणणाऱ्यास अक्षर लागत नाहीं. रोमन लिपींत छापलेल्या, इ. स. १६१६ च्या फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाची मराठी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना भाषा एकीची व लिपि दुसरीची हा प्रकार नवा नाहीं. ससूनांच्या पेढीचे कागद बराच काळ उपेक्षित राहिले याचें एक मुख्य कारण हेंच.

चौथी गोष्ट अडचणीची नव्हे, तर सोयीची आहे. ईश्वराचें नांव ज्यावर आहे तो लेख नष्ट करूं नये, अशी यहुदी लोकांची चाल आहे. असे कागद ते देवळांतील एखाद्या कोठडींत टाकतात वा पुरतात. कैरो येथील अशा कोठडींत सांपडलेल्या लाखों तुकड्यांत बाराव्या शतकांतील हिंदी व्यापाराचीं पत्रें निघालीं, त्यांत मंगळुरास राहिलेल्या अब्राहाम बेन यिजू या व्यापाऱ्याचेहि कागद आहेत. त्यानें आशू नांवाच्या एका हिंदी दासीस ता. १७ आक्टोबर ११३२ रोजीं मंगळुरास मुक्त केल्याचा लेख उपलब्ध आहे. त्या एका दस्तानें आशूचें नांव नऊशें वर्षें टिकलें. स्त्रीचें चरित्र बखरींत क्वचित् मिळतें. तें मुक्तिपत्र, विवाहकरार, देणगीची यादी व घरखर्चाची वही यांतून मिळतें, हा नियम दासीस जितका लागू तितकाच कोट्यधीशाच्या पत्नीसहि लागू आहे.

४.

फ्लोराबाईंच्या घराचें खरें स्मारक पाहावयाचें तर त्यांचे पुत्र डेव्हिड सॉलोमन ससून (१८८०–१९४२) यांच्या हस्तलिखित-संग्रहाकडे पाहिलें पाहिजे. आठ वर्षांचे असतांना त्यांनीं आपला पतंग देऊन त्याच्या बदल्यांत मुंबईंत इ. स. १८५९ सालीं छापलेली रूथच्या ग्रंथाची दुर्मिळ प्रत मिळविली, अशी कथा सांगतात. कथा जशीच्या तशी खरी असो वा नसो, मुंबईच्या त्या घरांत ग्रंथाला खेळण्याहून मोल अधिक होतें, एवढा अर्थ तींतून निश्चित निघतो. आई स्वतः मूळ ग्रंथ वाचणारी व पंडितांशीं पत्रव्यवहार करणारी असल्यावर मुलास ग्रंथांची गोडी लागावी यांत नवल नाहीं.

इ. स. १९१० सालीं आई व मुलें बगदादेस गेलीं. त्या प्रवासाचें डेव्हिड यांनीं हिब्रूंत लिहिलेलें वृत्त इ. स. १९५५ सालीं जेरुसलेम येथें छापलें गेलें. त्याच १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. एकीकडे एक धनिक यहुदी पूर्वजांच्या देशांत पोथ्या शोधीत होता, व दुसरीकडे कै. राजवाडे गांवोगांवच्या वाड्यांतून दप्तरें गोळा करीत होते. साधनें निराळीं, कळकळ मात्र एक.

डेव्हिड यांनीं हजारावर हस्तलिखितें जमविलीं. त्यांची सविस्तर वर्णनात्मक सूचि इ. स. १९३२ सालीं ऑक्सफर्ड येथून दोन खंडांत प्रसिद्ध झाली. तिचें नांव ओहेल डेव्हिड, म्हणजे डेव्हिडाचा तंबू. पुण्याच्या लाल देवळाचेंहि खरें नांव हेंच आहे. संग्रहांतील कांहीं रत्नें जगप्रसिद्ध झालीं. क्रमांक ३६८ हें फारही बायबल चवदाव्या शतकांतील सचित्र पुस्तक आहे. क्रमांक ५०७ हें दमास्कसचें पंचग्रंथ सुमारें दहाव्या शतकाचें असून डेव्हिड यांनीं तें इ. स. १९१५ सालीं मिळविलें. क्रमांक १०५३ हें जवळजवळ संपूर्ण हिब्रू बायबल नवव्या शतकाच्या अखेरीचें किंवा दहाव्याच्या आरंभींचें असून तें त्यांनीं इ. स. १९२९ सालीं विकत घेतलें.

डेव्हिड यांच्या पश्चात् हा संग्रह एकत्र राहिला नाहीं. इ. स. १९७५ पासून त्यांतील ग्रंथ लिलांवांत निघूं लागले. दमास्कसचें पंचग्रंथ जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत गेलें. क्रमांक १०५३ इ. स. १९७८ सालीं विकला गेला, आणि अनेक हात बदलून इ. स. २०२३ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें ३ कोटि ८१ लक्ष डॉलरांस जाऊन तेल अवीवच्या संग्रहालयास भेट म्हणून मिळाला. विद्वान् मंडळी आजहि त्याचा उल्लेख ससून १०५३ असाच करतात. संग्रह मोडला तरी सूचि राहिली, म्हणून प्रत्येक ग्रंथाचें घर ओळखूं येतें. सूचि झाली नसती तर तोच ग्रंथ बेवारस ठरला असता.

परंतु या क्रमांकांतून आईचें नांव दिसत नाहीं. ग्रंथास मोल आलें, त्याची विक्री झाली, त्याची नोंद राहिली. ज्या घरानें ही आवड निर्माण केली त्या घरच्या कर्त्या स्त्रीचीं पत्रें, तिचे हिशेब, तिच्या दानाच्या याद्या यांना लिलांवांत किंमत नाहीं, म्हणून त्यांची सूचिहि होत नाहीं. फ्लोराबाईंच्या बाबतींत पेढीचीं पत्रें दैवयोगानें वांचलीं, त्यामुळें १८९४ ते १९०१ या सात वर्षांचा खरा इतिहास कळला. तीं गेलीं असतीं तर एक दानशूर विधवा एवढीच त्यांची ओळख उरली असती.

५.

यावरून संग्राहकांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत घ्याव्या असें आम्हांस वाटतें. एखाद्या घरचें दप्तर हातीं आलें तर त्यांतील सुंदर पोथी निराळी काढून बाकीचें रद्दींत टाकूं नये. पोथीच्या मलपृष्ठावर कोणाच्या घरून, कोणत्या सालीं, कोणाच्या हातून मिळाली याचें टिपण त्याच दिवशीं करावें. स्त्रियांच्या हातचे कागद, मग ती वाणसामानाची यादी असो कीं देणगीची पावती, स्वतंत्र बस्त्यांत बांधून त्यावर नांव घालावें. एका व्यक्तीचीं जितकीं नांवें कागदांत आढळतील तितकीं एके ठिकाणीं मांडावीं. आणि तारीख वाचली तर मूळ गणना व काढलेला इसवी सन दोन्ही लिहावे, म्हणजे पुढील संशोधकास पडताळा पाहतां येईल.

हा प्रश्न लंडन व जेरुसलेम येथल्यापुरताच नाहीं. बेने इस्रायल समाजाचा हाईम शमुएल केहिमकर यांनीं इ. स. १८९७ सालीं लिहून पुरा केलेला इतिहास छापून निघावयास १९३७ साल उजाडावें लागलें. इ. स. १९४८ नंतर त्या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्रायलास गेलीं. कुलाबा जिल्ह्यांतील व मुंबई-पुण्यांतील त्यांच्या जुन्या घरांबरोबर प्रार्थनेच्या वह्या, मराठींत लिहिलेलीं पत्रें, लग्नांचे करार व आजीबाईंच्या हातचे हिशेब मागें राहिले, कांहीं बरोबर गेले, कांहीं वाण्याच्या पुड्यांत गेले. त्यांतील मराठी कागद वाचावयास परदेशीं पंडिताची गरज नाहीं; तो अधिकार व ती जबाबदारी आपलीच आहे. बगदादी कागदांसाठीं योग्य वाचक मिळावयास पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला. मराठी कागदांना तितकी वाट पाहावयास लावण्याचें कांहीं कारण नाहीं.

फ्लोराबाईंच्या नांवाचें देऊळ वा रुग्णालय आम्हीं येथें दाखवूं शकत नाहीं. त्यांनीं लोकांसाठीं जें केलें त्याचा दगडांत उरलेला पुरावा थोडा. कागदांत उरलेला अधिक आहे. ज्या वाचकांच्या संग्रहीं यहुदी कुटुंबांचे, विशेषतः त्यांतील स्त्रियांचे कागद असतील, त्यांनीं ते विस्कळित होण्यापूर्वीं त्यांची नुसती यादी जरी केली, तरी तेवढ्यानें पुढील चरित्रकाराचें अर्धें काम होईल.